सहा कोऱ्या तबकड्या

सकाळचे ऊन आधी समोरच्या घराच्या पत्र्यावर उतरले, तिथे जरा रेंगाळले आणि मग चोरपावलांनी त्याच्या खिडकीवर आले. चौकटीचा रंग उडालेला कोपरा उजळला. मग वह्यांच्या कडा, मग भिंतीवरचा एक जुना ओरखडा, जो एरवी कुणाच्या ध्यानातही येत नसे. त्या उन्हाला कसली घाई नव्हती. टेबलावरच्या उघड्या संगणकापर्यंत पोचायला त्याने जवळजवळ अर्धा तास घेतला, आणि पोचल्यावर सर्वांत आधी दाखवली ती धूळ.

सीडी राइटरचा कप्पा बाहेर आला, तबकडी घेऊन आत गेला, घरघरला आणि बेचाळीस टक्क्यांवर अडला. हिरवा दिवा मिचमिचला. पडद्यावर पुन्हा तीच ओळ उमटली, की लिहिणे जमले नाही.

त्याने वायर बदलून पाहिली होती. भिंगावरून मऊ कुंचला फिरवला होता. वेग सर्वांत कमी ठेवला होता. नव्या खोक्यातल्या चार तबकड्या वाया गेल्या होत्या.

"झालं का रे?" आईने दारातून विचारले. "तुझा मामा आज दुपारी शेवटचा केंद्रात जाणार. उद्यापासून त्याच्या खुर्चीत दुसरा कुणी."

"माहीत आहे."

"दोन वर्षं त्याच्या घरी पाऊल टाकलं नाहीस. बोलणं सोडलंस, सीडी मात्र दर खेपेला माझ्या हाती. मी काय टपालखातं आहे?"

त्याने अडलेली तबकडी काढून बाजूला ठेवली. एका कचेरीत येणाऱ्या-जाणाऱ्या पत्रांवर क्रमांक टाकणे हे त्याचे काम. पण मनातल्या मनात तो स्वतःला संगीतकार म्हणे. मामा नभोवाणी केंद्रात नव्या चाली निवडत. सहा वर्षांत त्याने त्यांना सहा तबकड्या पाठवल्या. प्रत्येकीत एक चाल, स्वतः बांधलेली, स्वतः गायलेली. मामांनी एकदाही हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. भेटले की हवापाण्याचे बोलत, नोकरीची चौकशी करत. नकार त्याने पचवला असता. ते मौन मात्र घशात काट्यासारखे रुतून बसले होते. सहाही चाली एका तबकडीवर उतरवून आज शेवटचे विचारायचे, एवढेच आता उरले होते.

त्याने राइटर सोडवला, स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती पिशवीत टाकल्या आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेला. गल्ली त्याला डॉक्टर म्हणे, कारण कुठलेही यंत्र हाती आले की तो आधी त्याला कान लावी.

"म्हातारपण," डॉक्टरने निदान केले. "आतला किरण विझत आलाय. याला औषध नाही, नवाच बसवतो. यानं लिहिलेली एखादी सीडी आहे? बघू तरी, शेवटी शेवटी काय बरळत होता."

त्याने पहिली प्रत दिली. डॉक्टरने ती फळीवरच्या प्लेअरमध्ये सरकवली. काहीच वाजले नाही.

"ही तर कोरी."

"शक्यच नाही. घरी रोज वाजते."

"घरी म्हणजे याच राइटरमध्ये ना?" डॉक्टरने दुसरी घातली, तिसरी घातली. "लिहून झाल्यावर सीडी बंद करता की खुली ठेवता?"

"खुली."

"ती का बुवा?"

त्याने मान खाली घातली. मामा कधीतरी तबकडी परत पाठवतील, हिच्यातच अजून काही ऐकव म्हणतील, तेव्हा तिच्यात जागा असावी, एवढ्यासाठी. पण हे डॉक्टरला सांगण्यासारखे नव्हते.

"जागा राहावी म्हणून. सहा वर्षं अशाच देतोय."

"मग झालं! बंद केल्याशिवाय, म्हणजे लिहिणं संपल्याची खूण केल्याशिवाय, साध्या प्लेअरला त्यातलं काही दिसत नाही. सहा वर्षं तुम्ही लोकांना आरसे वाटलेत, साहेब!"

तो हसला. इतका की डॉक्टर चपापून त्याच्याकडे पाहू लागला. म्हणजे मामांनी काही ऐकलेच नव्हते! कोरी तबकडी हाती आल्यावर भिडस्त माणूस बोलणार तरी काय? सहा वर्षांचा राग तिथल्या तिथे वितळला आणि त्याच्या जागी लाज आली, लाजेमागून आशा.

डॉक्टरच्या नव्या राइटरवर सहाही चाली एका तबकडीत उतरल्या. या वेळी त्याने ती बंद करून घेतली.

मामा बूट घालत होते. दारात भाच्याला पाहून त्यांचा हात नाडीवरच थांबला.

"मामा, माझं चुकलं. त्या सगळ्या कोऱ्या होत्या. मी बंदच केल्या नव्हत्या. तुम्हाला काही ऐकू आलंच नसणार."

मामा त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"हो रे," ते म्हणाले. "कोऱ्याच निघाल्या. म्हटलं, पोराला कशाला सांगा, उगीच हिरमुसेल."

"आता सहाही नीट आहेत."

"दे, दे." मामांनी तबकडी पिशवीत ठेवली, त्याच्या खांद्यावर थोपटले आणि "उशीर होतोय" म्हणत लगबगीने पायऱ्या उतरले.

छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा तो ओटीवर बसला. आतून मामी पाणी घेऊन आली.

"दोन वर्षांनी उगवलास, आणि एवढा खुशीत?"

त्याने तिला सगळे सांगितले.

"कोऱ्या कसल्या?" मामी हसत म्हणाली. "तुझे मामा केंद्रातल्या एका मशीनवाल्याला गळ घालून दर वेळी वाजेल अशी करून आणायचे. जेवण झालं की इथंच, या खुर्चीत. एकेक चाल तीन-तीनदा. मी म्हणायचे, पुरे आता. तर म्हणायचे, थांब गं, भाच्याला सांगण्याजोगं एखादं तरी बरं सापडेल."

चाली चांगल्या नव्हत्या.