पालकांनी बाहेर थांबावे

"वडिलांनी बाहेर थांबायचं," ज्ञानदाने मान वर न करताच सांगितलं. "दारावर लिहिलंय."

"व्हय की म्याडम, वाचलं. बसतो भाईर." जोतीरामने दार ओढून घेतलं आणि तो व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसला.

सकाळपासूनचा हा बारावा बाप. ज्ञानदा सोलापूरच्या त्या कॉलेजात बॉटनी शिकवायची. पहिलं वर्ष संपलेल्या मुलांचे अर्ज या आठवड्यात तिच्याकडे होते. तीन विषयांतला एक मुख्य विषय निवडायचा, पदवीपर्यंत तोच. नंतर बदल नाही. आणि जो तो बाप मुलाच्या हातातलं पेन काढून घेत होता. एकाने तर "आमचा अनिमेष केमिस्ट्रीच घेणार" म्हणत अर्ज भरला आणि मुलाची सहीसुद्धा स्वतःच ठोकली. अनिमेष तेवढा वेळ पंख्याकडे बघत होता. तो गेल्यावर तिने दारावर कागद चिकटवला.

आता समोर रेश्मा एकटी होती. सकाळच्या एसटीने मंगळवेढ्याहून आलेली. तिने अर्ज ओढला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: केमिस्ट्री.

ज्ञानदाने कपाळाला हात लावला. हीही! प्रॅक्टिकलला या मुलीने ज्वारीच्या खोडाचा इतका पातळ छेद घेतला होता, की ती स्लाइड ज्ञानदाने सगळ्या वर्गाला दाखवली होती.

"केमिस्ट्री का?"

"आवडते, मॅडम."

"काय आवडतं त्यात?"

"ब्युरेटमधल्या शेवटच्या एका थेंबाला रंग बदलतो ना, ते..." बाहेर जोतीराम खोकला. रेश्मा दाराकडे बघून थांबली.

ज्ञानदाने ते बघणं तेवढं टिपलं.

"कोणी सांगितलं घ्यायला? एमआयडीसीत नोकरी लागते म्हणून?"

"कोणी नाही."

"सकाळपासून सगळे हेच म्हणताहेत." ज्ञानदाचा आवाज चढला. "तुझे वडील बाहेर आहेत, इथे नाहीत. भिऊ नकोस. तुझ्या हातात बॉटनी आहे, मला दिसतंय की."

"पण मॅडम, मला..."

"पण नाही आणि बिण नाही! जन्मभर दुसऱ्याच्या मनासारखंच वागणार आहेस का?"

रेश्मा पेनाच्या टोकाकडे बघत राहिली. मग तिने केमिस्ट्रीवर एक सरळ रेघ मारली आणि वर बॉटनी लिहिलं. अक्षर आधीपेक्षा बारीक आलं.

दिवसभरात पहिल्यांदाच ज्ञानदाला बरं वाटलं. एक तरी सुटली. आता पालकाची सही तेवढी हवी होती. बाप आरडाओरडा करेल, हे तिने धरलंच होतं. काय उत्तर द्यायचं तेही मनात तयार होतं. तिने जोतीरामला आत बोलावलं.

त्याने अर्ज लांब धरून वाचला. पुन्हा वाचला. मग त्याचा चेहरा उजळला.

"बॉटनी? लई उपकार झाले, म्याडम! घरचं रान हाय, त्यात उपेगी पडंल म्हनून दोन म्हैनं कानीकपाळी वरडतोय. पर ही केमिस्ट्रीचा हट्टच सोडंना. तुमी धा मिन्टात वळवली की!"

ज्ञानदाने रेश्माकडे पाहिलं. ती पंख्याकडे बघत होती.

जोतीराम सहीसाठी टेबलावर वाकला. ज्ञानदाने त्याच्या हाताखालून अर्ज काढून घेतला आणि दोन तुकडे करून टोपलीत टाकला.

"आवं, म्याडम!"

तिने ड्रॉवरमधून कोरा अर्ज काढून रेश्मापुढे ठेवला.

"एकटीने भर," ती म्हणाली. मग जोतीरामकडे वळली. "चला, बाहेर."

"म्या? बरं. आन् तुमी?"

"मीही."

तिने आपल्यामागे दार ओढून घेतलं. व्हरांड्यातल्या बाकावर जोतीराम जरा सरकला. ज्ञानदा त्याच्या शेजारी बसली, दिवसातला तेरावा बाप.