ओणवा चंद्र

कोजागिरीचा चंद्र उगवला, तरी सोसायटीच्या गच्चीवर कोणी वळूनही पाहिलं नाही. दृष्टिभ्रम पुसणारी भिंगं सगळ्यांच्या डोळ्यांत सक्तीने बसवल्यापासून तो क्षितिजावरही सुपारीएवढाच दिसे.

आयुष्यभर मानसशास्त्र शिकवलेल्या कुमुदबाईंनी दुधाचा पेला आपटला. ती भिंगं बनवणारा निरंजन, त्यांचाच जुना विद्यार्थी, समोर बसला होता.

"मेल्या, ऊठ. कॉलेजात व्हायचास तसा ओणवा हो आणि पायांमधून चंद्र बघ."

"बाई, लोक बघताहेत."

"बघू देत!"

निरंजन वाकला. पूर्वी अख्खा वर्ग असा ओणवा होई. उलटा पाहिला की उगवता चंद्र लहान होई, आणि सरळ झालं की पुन्हा परातीएवढा. आपलाच मेंदू आपल्याला फसवतो हे कळून पोरं हसूनहसून लोळत.

"आता सरळ हो. काही फरक?"

"नाही. चूक उरलीच नाही ना, बाई."

"चूक? तो एवढा थोरला चंद्र चूक? काढ माझ्या डोळ्यांतली भिंगं. आत्ता!"

निरंजनने मान खाली घातली. "ती निघत नाहीत, बाई."

"मग पुन्हा ओणवा हो आणि तसाच राहा," बाई म्हणाल्या. "सरळ होऊन तरी काय बघणार आहेस?"