दिलगिरी

शाळेत भर वर्गात माझे केस कापणारी बोग्यंग आता सोलमधली मोठी नटी आहे. त्याबद्दल मी इंटरनेटवर लिहिलं, तशी ती मॅनेजरला घेऊन थेट तेगूला, माझ्या नूडल्सच्या दुकानात आली.

गिऱ्हाइकांसमोर तिने गुडघे टेकले, महागड्या कोटाला खालचं पाणी लागणार नाही इतपत जपून.

"आपण लहान होतो गं! इतकी वर्षं तुझा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही बघ."

मॅनेजर मोबाईलवर सगळं टिपत होता. टेबलावरच्या दोघी-तिघी डोळे पुसायला लागल्या. माझंही मन पाघळलं. तिला उठवायला मी हात पुढे केला. तो घट्ट धरून ती हुंदके देत म्हणाली, "मिरान, मला माफ कर!"


मी हात सोडवून घेतला. "माझं नाव हेरिम. ह्या मिरानचं काय केलं होतंस, तेही सांगून टाक."