पोन्सेच्या बागेतला सिंह

"सिंह इथून हलणार नाही, बाई. वाटल्यास मला हलवा," कासिमिरो म्हणाला.

इलियानाने कपाळाला हात लावला. पोन्से शहरातल्या या जुन्या वनस्पती उद्यानाची ती नवी व्यवस्थापक आणि हा तिचा रखवालदार. राजधानीतल्या संग्रहालयाने बागेतला ब्राँझचा सिंह मागितला होता, क्रेनही दारात आली होती, आणि म्हातारा चौथऱ्याला पाठ लावून बसला होता.

त्याला दटावायचं तिच्या जिवावर आलं. गेल्या कार्निव्हलमध्ये सारं शहर रस्त्यावर नाचत असताना चोरांनी बाग धुऊन नेली होती. पाट्या गेल्या, कारंज्यावरची हरणं गेली, दिवेसुद्धा गेले. सिंह तेवढा वाचला, तो कासिमिरोमुळे. महापौरांनी गळ्यात पदक घातलं तेव्हा तो पोरासारखा रडला होता.

तेव्हापासून तो सिंहाला डोळ्यांत तेल घालून जपायचा. पोरांना पाठीवर बसू देत नसे. चार थेंब पडले की ताडपत्री घेऊन धावे.

"त्याला काय सर्दी होणार आहे?" माळी चिडवत. तो हसतही नसे.

"डॉन कासिमिरो, तिथे त्याला काचेच्या दालनात ठेवणार आहेत," इलियाना समजुतीने म्हणाली. "हवं तर तुम्हालाही बरोबर पाठवते. मग तर झालं?"

"नको, बाई. या गावात मी मान वर करून फिरतो, तो याच्या जिवावर. तो हलला की माझं संपलं."

त्याची बायको प्रूदेंसिया तुरीच्या दाण्यांचा भात घेऊन आली होती. कार्निव्हलचे कागदी लगद्याचे मुखवटे करण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. नखांत रंग कायमचाच. तिने डबा खाली ठेवला.

"उठा आता. कधी ना कधी हे व्हायचंच होतं."

इलियानाचे डोळे भरून आले. एवढी माया तिने माणसांवरही कोणी केलेली पाहिली नव्हती. तिने स्वतः त्याला दंडाला धरून बाजूला नेलं.

"आधी जरा पुढे सरकवून घेऊ, मग दोर बांधू," मुकादम म्हणाला.

चार धिप्पाड हमालांनी पाय रोवले, दातओठ खाल्ले आणि सगळा जोर लावून सिंह आपल्याकडे ओढला.

चौघेही उताणे कोसळले, आणि अंगावर आलेला सिंह त्यातल्या एकाने पडल्यापडल्या एका हाताने बाजूला सारला.