खुरटं झाड

रणदिवे साहेब अनसूयाबाई भिलारेंच्या अंगणात आले तेव्हा चुलीवर चहा उकळत होता.

"बाई, चारशे एकरांत फुलोरा आलाय, पण पेकन-अक्रोडाचं एक फळ धरत नाही," ते म्हणाले. "प्रयोगशाळा म्हणते, तुम्ही या वाणाच्या जनुकांतच कुलूप घातलंय. एकाच झाडाचा पराग चालतो."

"हो. त्या खुरट्याचा."

तीन वर्षांत फळणारा हा वाण बाईंनी तयार केला होता. साहेबांनी तो स्वतःच्या नावावर नोंदवला, देखण्या झाडाच्या काड्या कलमांसाठी नेल्या आणि बाईंना कामावरून काढलं. शेजारच्या खुरट्या, किडक्या झाडाकडे बोट दाखवून ते एवढंच म्हणाले होते, "हे चुलीत घाला."

बाईंनी ते मुळांसकट घरी आणलं आणि साहेबांच्या बागेत पहिला फुलोरा येईपर्यंत जिवापाड जपलं.

"कुठंय ते झाड? मागाल ते देतो," साहेब म्हणाले.

बाईंनी चुलीतलं लाकूड आत सारलं, चहा गाळला आणि कप त्यांच्यापुढे धरला.

"तुमचा शब्द मोडला नाही, साहेब. घ्या, त्याच्यावरच केलाय."