न फुटलेला नारळ

कुवेतमधल्या सुलैबियाच्या शेडमध्ये लढाऊ विमानाचं नवं इंजिन काल पहिल्यांदा नीट चाललं. संशोधन गुप्त असल्यामुळे ते चाललंच नाही, असं आज सगळ्यांनी ठरवलं.

"जुईली, इंजिनापुढे नारळ फोडलास?" राजन सरांनी दार लावून विचारलं.

"खंडेनवमी होती, सर. खोबरं तुम्हीच दोनदा घेतलंत."

"वरचा साहेब, तो मुदीर, भडकलाय. माफीनामा दे, नाहीतर इथे राहायचा इकामा रद्द करून घरी पाठवतील."

"कालच्या चाचणीआधी फोडला, असं लिहू?"

"वेडी आहेस का? काल चाचणी झालीच नाही."

जुईलीने तिथेच टाईप केलं: 'न झालेल्या चाचणीआधी नारळ फोडणे शक्य नाही. तरीही माफी हवी असल्यास, चाचणी झाल्याचे सही-शिक्क्यानिशी लेखी कळवावे, ही नम्र विनंती.'