करार मागणी

“आणि हा मागणी आकार म्हणजे कसला?” बाईंनी चौथ्यांदा विचारलं.

युनिटरावांनी चौथ्यांदा तितक्याच शांतपणे चष्मा पुसला. त्यांचं खरं नाव बाईंच्या बर्फाच्या कारखान्यात कुणी घेत नसे. वीज कंपनीच्या बिल खात्यातून निवृत्त झाल्यावर ते लहानसहान कारखान्यांची बिलं तपासून द्यायचे, म्हणून कामगारांनीच त्यांचं हे बारसं केलं होतं.

“असं समजा बाई, तुम्ही चाळीस माणसांची बस वर्षाच्या बोलीवर घेतलीय. रोज बसता मात्र एकट्याच. बसवाला म्हणतो, तुम्ही बसा नाहीतर बसू नका, मी गाडी उभी ठेवलीय ना? ती उभी ठेवण्याचे पैसे म्हणजे मागणी आकार. जाळलेल्या युनिटांचे वेगळे.”

“म्हणजे न वापरलेल्या विजेचेही पैसे?”

“न वापरलेल्याचेच फार जातात हो,” ते म्हणाले आणि उगाच बिलाकडे बघत बसले.

यजमान गेले त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून दोनपैकी एक कॉम्प्रेसर बंदच होता. वीज कंपनीशी केलेला करार मात्र दोन्ही कॉम्प्रेसरच्या हिशेबाचा. तो परवा संपत होता. उद्यापर्यंत अर्ज गेला नाही, तर तोच आकडा पुढच्या दोन वर्षांसाठी कायम होणार होता, आणि तेवढी दोन वर्षं कारखाना तग धरणार नव्हता.

मुलगा दर रविवारी फोनवर म्हणायचा, “आई, विकून टाक ना एकदाचं.” अकरा मिनिटं बोलायचा. बाईंनी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं.

विकायचं म्हणजे काय, हे त्याला कुठून कळणार? सकाळी बर्फ न्यायला माणसं यायची. “लादी बारीक झाली हो बाई, तुमच्यासारखी,” म्हणून चिडवायची. दुपारनंतर सगळं सामसूम. मग माडीवरच्या खोलीत खालच्या कॉम्प्रेसरची घरघर तेवढी ऐकू यायची. घरात आणखी कुणीतरी घोरतंय असं वाटायचं. त्याच आवाजावर बाईंना झोप लागायची.

“मग कमी करून टाका की मागणी,” बाई म्हणाल्या.

“करता येते. पण विचार करून करावी लागते. जास्त केली तर पडून राहते, कमी केली तर दंड बसतो.”

“तुम्हाला कसला आलाय विचार! अख्खं आयुष्य मागण्यांत गेलं तुमचं.”

“दुसऱ्यांच्या,” युनिटराव म्हणाले.

त्यांनी अर्ज भरला. जुना आकडा, नवा आकडा, कारण. बाईंनी सही केली आणि कारखान्याचा शिक्का दाबून मारला. शिक्का मारताना त्यांना बरं वाटायचं. आपण कुणीतरी आहोत असं.

युनिटरावांनी मग खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. हात मात्र उचलला नाही.

“हाही एक आहे.”

“हाही मागणीचाच?”

“अं? हो. तसं म्हटलं तर मागणीचाच. सावकाश वाचा. पटलं तर खाली सही करा. नाहीच पटलं तर फाडून टाका, मला राग यायचा नाही.”

“काहीतरीच तुमचं! अर्जाचे कागद कुणी फाडतं का? आणि तुम्ही लिहिलेलं मला न पटून कसं चालेल?”

ते इतक्या घाईने उठले की गुडघा टेबलावर आपटला. जिन्यात एक पायरी चुकली. खालून मुकादम ओरडला, “काय युनिटराव, आज तुमचंच बिल जास्त आलं वाटतं!”

त्यावर ते हसले नाहीत, हे बाईंच्या लक्षात आलं.

बाईंनी कागद उघडला. वर ठळक अक्षरात ‘विषय : मागणीबाबत’. खाली ‘महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती की,’ एवढं वाचून बाई थांबल्या. कागदपत्रं यजमान बघायचे. असली वाक्यं आली की बाईंचं डोकं चालेनासं व्हायचं. अक्षर मात्र त्या पुष्कळ वेळ बघत राहिल्या. किती जपून काढलं होतं एकेक! हाताने लिहिलेलं काही त्यांच्याकडे येऊन वर्षं लोटली होती.

मग त्यांनी खाली सही केली, शिक्का मारला आणि तो कागद अर्जाच्या मागे टाचून टाकला.

दुसऱ्या दिवशी वीज कंपनीचं कार्यालय उघडायच्या आधीच त्या दारात हजर होत्या. काउंटरवरच्या मुलीने अर्ज तपासला, आकडे जुळवले, पोच दिली.

“झालं काम. पुढच्या बिलापासून नवा आकडा लागेल.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. कारखाना वाचला होता.

मुलीने सवयीने मागचं पान उलटलं. वाचायला लागली, आणि तिचा वाचण्याचा वेग कमी कमी होत गेला. तिने मान वर करून बाईंकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे.

“काय झालं?” बाई काचेपाशी वाकल्या. “आकडा चुकलाय का?”

“आकडा नाहीये यात.” मुलीने आवाज अगदी हलका केला आणि वाचून दाखवलं, “‘आपल्या माडीवर एक दिवा जळतो, माझ्या खोलीत एक. दोन्हीकडचा स्थिर आकार आपण दोघं इतकी वर्षं उगाच भरत आहोत. तरी उरलेलं आयुष्य एकाच छपराखाली काढण्याची माझी ही मागणी आपण…’”

तिने टाचणी काढली, आणि कागद काचेखालून अलगद बाईंकडे सरकवला.

“ही आमच्याकडे नाही येत, बाई. आणि तुम्ही तर ती मंजूरसुद्धा केलीय. शिक्क्यासकट.”